सगळं सुलट

विणकामात सगळ्यात कमी मान कुठल्या विणीला असेल, तर ती नुसत्या सुलट विणीला. एक ओळ सुलट, काम फिरवायचं, पुन्हा सुलट. शिकताना पहिल्यांदा हीच हातात पडते आणि वेण्या-जाळ्या जमायला लागल्या की तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. मी मात्र दिवाळीनंतर एक मोठी शाल विणायला घेतली आहे आणि ती टोकापासून काठापर्यंत सुलटच आहे.

या विणीत दोन ओळी मिळून एक उंचवटा तयार होतो. त्यामुळे कापड सरी-वरंबे पाडलेल्या रानासारखं दिसतं, आणि ओळी मोजायच्या तर वरंबेच मोजायचे. स्वेटरच्या नेहमीच्या विणीच्या कडा वळतात, ही सपाट राहते. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून खांद्यावरून पदर कसाही पडला तरी चालतं. ओळी एकमेकींत दबून बसतात, त्यामुळे ऊब चांगली. लोकरही बरीच खाते, हे वेगळं सांगायला नको. म्हणून सगळे गुंडे एकदम आणि एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच घाण्यात रंगवलेले घ्यावेत. दुकानात दोन लॉटचे गुंडे जुळे वाटतात. फरक शालीवर, तोही भर उन्हात कळतो.

सुईचं एक गौडबंगाल आहे. आपल्याकडची जुनी ८ नंबरची सुई ४ मिलीमीटरची, तर अमेरिकेतली ८ नंबरची ५ मिलीमीटरची. आपल्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. तिकडचा नमुना बघून विणायचं तर मिलीमीटरच विचारावेत.

आता खरी गंमत. शाल तिकोनी आहे. खालच्या टोकाला ३ टाके घालून सुरुवात, मग दर वरंब्याला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा. या विणीत एका वरंब्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढीच भरते, म्हणून काही न मोजता टोकाला काटकोन होतो. १५० वरंबे झाले की शाल पूर्ण, तेव्हा सुईवर ३०३ टाके. सुरुवातीच्या ओळी चहा उकळेपर्यंत होतात, आणि आपण लग्नसराईच्या आत शाल संपवण्याच्या गप्पा मारायला लागतो. १००व्या वरंब्याला वाटतं, आता तिसरा हिस्साच राहिला. टोपलीतले गुंडे खरं सांगतात: ओळी लांबत जातात, त्यामुळे निम्मी लोकरसुद्धा अजून संपलेली नसते. निम्मं काम १०६व्या वरंब्याच्या आसपास होतं. नंतरची एकेक ओळ म्हणजे मालिकेचा अर्धा भाग, जाहिरातींसकट.

याच टप्प्यावर सासूबाईंनी विचारलं, "अगं, यात नक्षी कधी घालणार?" त्यांच्या काळी बाळंतविड्यातल्या कुंचीलासुद्धा नक्षी असायची, त्यामुळे प्रश्न रास्तच. "आई, पोत आहे ना," मी म्हटलं. थोड्या थोड्या वरंब्यांनंतर एक पट्टा असा घेते, की एकाआड एक टाका न विणता नुसता पलीकडच्या सुईवर सरकवायचा. तो टाका ताणून उभा राहतो आणि तेवढा भाग बोटांना खडबडीत लागतो. आईंनी हात फिरवून पाहिला. "बोटाला कळतं, डोळ्याला नाही," असा निकाल देऊन त्या उठल्या. मला तो निकाल मान्य आहे, किंबहुना तसंच हवं होतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर रोजच्या वापराच्या शाली असतात, त्यांना 'हॅप' म्हणतात. त्यांचा मधला चौकोन पारंपरिक पद्धतीत नुसता सुलटच. तिथल्या बायका पाठीवर जळणाच्या पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेकळांची, टोपली घेऊन चालता चालता विणत. एक सुई कमरेच्या चामडी पट्ट्यात खोचलेली असे. असं काम बघत बसून होत नाही, हातांनी आपापलं करायचं असतं. आपल्या लोकलच्या लेडीज डब्यात सुया चालवणाऱ्या बायकाही गप्पांचा धागा सोडत नाहीत. आणि सुलट वीण म्हणजे फक्त कामचलाऊ, असंही नाही. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांनी १९६८ साली बाळाचं एक जाकीट बसवलं: सगळं सुलट, एकाच सलग तुकड्याचं. सुईवरून उतरतं तेव्हा वेडंवाकडं फडकं दिसतं, घडी घालून खांदे शिवले की जाकीट.

माझं सध्या टाके बंद करणं चाललंय. तीनशेच्या वर टाके आहेत, आणि हात घट्ट पडला तर काठ आखडून सगळा तिकोन धनुष्यासारखा वाकतो. म्हणून इथे एक माप जाड सुई घेतली आहे. उरलेल्या गुंड्यात एक टोपी निघेल. तिच्यावर आईंनी हक्क सांगून ठेवलाय, वेण्या घालूनच हवी या अटीवर.