‘आधी रेडिओ बंद कर बाळा’

आमच्या रेडिओवर फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी घरातला रेडिओ बंद करा, मग बोला." बंद नाही केला तर बोलणाऱ्याचा आवाज रेडिओतून परत फोनमध्ये शिरतो, फोनमधून आमच्याकडं, आमच्याकडून परत रेडिओवर, आणि अशी शिट्टी सुरू होते की हेडफोन काढून टाकावा लागतो. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणते. एका डिसेंबरातल्या संध्याकाळी एका पोरानं ते ऐकायला साफ नकार दिला, ती गोष्ट सांगायची आहे.

आमचं केंद्र मराठवाड्यात, डोंगरपट्ट्यात. 2006 साली कम्युनिटी रेडिओचं धोरण बदललं तेव्हापासून आमच्यासारख्या संस्थांनाही रेडिओ चालवता येतो, त्यातलंच हे एक. ट्रान्समीटर 100 वॅटचा, रेंज दहा-पंधरा किलोमीटर, मध्ये डोंगर आला तर तेवढीही नाही. सिनेमाची गाणी लावायची तर रॉयल्टीचे पैसे कुठून आणायचे, स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, म्हणून मग जे गावात आहे तेच हवेवर जातं. सकाळी भजनी मंडळाचे अभंग, मग बाजारभाव, मग शेतीवाले सर तुरीवरच्या अळीबद्दल बोलतात, दुपारी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, मोहल्ल्यातल्या पोरांनी म्हटलेली कव्वाली, आणि कॉलेजची दोन पोरं आहेत ती पाणीटंचाईवर रॅप करतात (म्हाताऱ्यांना ते आवडतं हे मला अजून खरं वाटत नाही पण आवडतं). नवीन माणसाला हे सगळं खिचडी वाटतं. मला नाही वाटत. ओवी ऐकायला बसलेली बाई पुढं डॉक्टरचं पण ऐकते, रेडिओ चालूच असतो ना.

तर त्या दिवशी दुपारी 4 ला शाळेचा कार्यक्रम होता. आम्ही आठवड्याआधी एका तांड्यावरच्या शाळेत जाऊन रेकॉर्डिंग करून आणलेलं, त्यात चौथीतल्या एका मुलानं दादीनं शिकवलेलं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतलं गाणं म्हटलं होतं, सव्वादोन मिनिटांचं. ते लागलं, झालं, आम्ही पुढं गेलो.

संध्याकाळी 7 ला आरोग्याचा कार्यक्रम, लाइव्ह, मध्ये मध्ये गाणी आणि श्रोत्यांचे फोन. पाहुणी म्हणून आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका (आशा कार्यकर्त्या), आलेल्या, विषय रक्त कमी असणं. पहिल्यांदाच माइकसमोर बसलेल्या, घाबरलेल्या, कागदावरून एका सुरात वाचत होत्या, हिमोग्लोबिन 12 च्या वर पाहिजे वगैरे. मला मनातून वाटत होतं की आज कोणी ऐकत नसणार.

पहिलाच फोन लागला आणि शिट्टी. मी म्हटलं, आधी रेडिओ बंद कर बाळा. तिकडून बारीक आवाज, "नाही करत ताई. याडी ऐकायली."

याडी म्हणजे आई. मी म्हटलं, मग आईला सांग बंद करायला. तर म्हणाला, "याडी हितं नाही. कारखान्यावर हाय. तिला फोनवर ऐकवायलो."

टेक्निशियन दादाचा हात आवाज कमी करायच्या फेडरवर गेला होता, मी त्याला थांबवलं. आमच्याकडून दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच जोडी धरतात, सगळी टोळी मुकादमाच्या मागं कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर पार कर्नाटकात, ते एप्रिलपर्यंत. लेकरं आजी-आजोबांकडं. म्हणजे आमच्या तांड्यांमधली कमावती माणसं वर्षातले पाच-सहा महिने आमच्या रेंजच्या बाहेरच असतात, आणि आम्ही इतकी वर्षं रोज बोलतोय, कोणाशी बोलतोय याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

पोराचं म्हणणं एवढंच होतं की 4 ला त्याचं गाणं लागलं तेव्हा आई उसाच्या फडात होती, मोळ्या बांधत होती, फोन कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत. आता ती आलीय, तर गाणं परत लावा. त्यानं आजोबांचा बटणाचा फोन आम्हाला लावला होता आणि शेजारच्या काकाचा मोबाइल आईला, आणि मध्ये रेडिओ. चौथीतलं पोर!

मी त्याला सांगितलं की काकाचा फोन रेडिओपाशीच राहू दे, तू आजोबांचा फोन घेऊन लांब अंगणात जा. त्यानं लहान बहिणीला आत बसवलं. शिट्टी थांबली. आशाताईंचं वाचन अर्धवट सोडून आम्ही गाणं लावलं.

गाणं संपलं तरी पोर लाइनवरच. मी आशाताईंना म्हटलं बोला, त्या परत कागद धरून लोहाच्या गोळ्यांबद्दल वाचायला लागल्या, आणि दोन मिनिटांत पोरगं मध्येच, "ताई, बहीण म्हणायली की याडी विचारायली, गोळ्या खाल्ल्या की संडास काळी होतीय म्हणून तिनं सोडल्या, ते बरोबर हाय का?"

स्टुडिओत कोणी हललं नाही. आई तिकडं कोपीत, बहीण आतून ओरडून सांगतेय, भाऊ अंगणातून आम्हाला सांगतोय, आणि आईचा प्रश्न दोनशे किलोमीटर फिरून हवेवर आला.

आशाताईंनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "काळी होणारच बाई, ते लोहामुळं होतं, भिऊ नको, गोळी सोडू नको. कधी घेतेस?" परत तो सगळा फेरा. उत्तर आलं, पहाटे 4 ला, चहाबरोबर. "हां, तिथंच चुकतंय, चहानं गोळी लागू होत नाही. रात्री भाकरी खाल्ल्यावर घे, लिंबू पिळून घे मिळालं तर, आणि संपल्या तर तिथल्या सरकारी दवाखान्यात माग, फुकट मिळतात, गाव कुठलं का असंना." नंतर अर्धा तास त्या न बघता बोलल्या, कंबरदुखीवर, फडात पाणी कमी पितात त्यावर. आमचे दोन कार्यक्रम त्या दिवशी लागलेच नाहीत, कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून शाळेचा कार्यक्रम आम्ही रात्री साडेसातला परत लावायला लागलो. दोन-तीन तांड्यांवर आता रेडिओपाशी मोबाइल ठेवलेला असतो म्हणे. सगळी रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे तीन महिने ठेवावी लागतात, मग जागेअभावी आम्ही पुसतो. ते एक मी वेगळं काढून ठेवलं.

एप्रिलमध्ये एक बाई स्टुडिओत आली, उन्हानं रापलेली, मागं ते पोर, दारातच उभं. म्हणाली, "गोळ्यांचं नीट कळलं त्या दिवशी. पण पोराचं गाणं काय नीट ऐकू आलं नाही, टोळीतली लेकरं लई कालवा करायली होती. परत लावता का?"

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानावर ठेवला.