पंप जळला, की मोटर?

गोव्यात शिवोलीतल्या मावसभावाच्या बंगल्याची देखरेख माझ्याकडे आली, तेव्हा तिथला स्विमिंग पूल म्हणजे माझ्या लेखी एक मोठी निळी टाकी होती. पावसाळाभर पाहुणे नव्हते, पंप बंदच होता. ऑक्टोबरमध्ये बटण दाबलं तर नुसतं ‘हूंऽऽ’, आणि थोड्याच वेळात एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) खाली. पूल साफ करायला येणाऱ्या मुलाने लांबूनच निकाल दिला, "जळला. अख्खा सेट बदला." किंमत ऐकून मी गार.

म्हापशातल्या एका वाइंडिंगवाल्या, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी भरून देणाऱ्या, काकांना गाठलं. पंप चिऱ्याच्या खोलगट खोलीत आहे, तिथली ओल दसऱ्यापर्यंत हटत नाही. काका आत उतरले आणि म्हणाले, "जळलं काय ते तरी सांग बाबा, पंप की मोटर?"

मला दोन्ही एकच वाटत होतं. पुढचा भाग पंप: जाळीची टोपली, तिच्यामागे इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक. मागचा भाग मोटर. मध्ये एकच शाफ्ट आणि त्यावर पाणी अडवणारं सील. काकांनी मेन बंद केला, मोटरमागचं पंख्याचं झाकण काढलं आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. अलगद फिरला. म्हणजे बेअरिंग जाम नाही, इम्पेलरमध्ये काही अडकलेलं नाही. मग कंडेन्सर काढला, तर त्याचं बूड फुगलेलं.

सिंगल फेजच्या मोटरीला एकट्या वाइंडिंगवर कुठल्या बाजूला फिरायचं तेच कळत नाही, ती जागच्या जागी गुरगुरते. दुसऱ्या वाइंडिंगचा करंट कंडेन्सर पुढे सरकवतो, तेव्हा तिला दिशा मिळते. न फिरणारी मोटर कितीतरी पट करंट ओढते, म्हणून एमसीबी पडत होता. तो पडला नसता, तर वाइंडिंग खरोखरच जळलं असतं. जुन्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, नवा कंडेन्सर घातला, काही शे रुपयांत मोटर फिरली.

मोटर फिरली, पण पाणी उचलेना. टोपलीच्या पारदर्शक झाकणातून नुसते बुडबुडे. इथे मी अर्धा दिवस घालवला. ‘सेल्फ प्रायमिंग’ या शब्दाने मला फसवलं: पंप स्वतःच पाणी ओढतो खरा, पण आधी टोपलीचं भांडं आपण काठोकाठ भरायचं असतं. ते भरलं, तरी हवा येतच होती. शेवटी झाकणाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबराची कडी, काढून पाहिली. पावसाळाभर सुकून कडक झालेली, आणि तिच्या खोबणीत एक लांब केस! एका केसाने दीड एचपीचा पंप अडवला. खोबण पुसली, नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलिन लावू नका, रबर फुगतं), आणि पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलला.

पूल १० बाय ५ मीटर, सरासरी खोली १.२, म्हणजे ६० हजार लिटर. पंप तासाला साधारण १० हजार फिरवतो. सहा तासांत एक फेरी. आधी तो बारा तास चालवत होते, का ते कुणालाच सांगता आलं नाही. मावसभाऊ आता पुण्याहून व्हेरिएबल स्पीडच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणाऱ्या, पंपाचा आग्रह धरतोय. वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, पण पंपाला लागणारी ताकद हिशेबाने आठव्या भागावर येते. तास वाढवले तरी परवडतं. बिल तो भरतो, त्याचं त्याने ठरवावं.

माझी खरी चूक डिसेंबरमधली. पंप आणि मोटरच्या मधून थेंब-थेंब पाणी पडत होतं. मी खाली वाटी ठेवली. महिन्याभराने मोटर किंचाळायला लागली, तेव्हा काकांनी उघडून दाखवलं. सील गेलेलं, क्लोरीनचं पाणी शाफ्टवरून थेट बेअरिंगात. सीलसोबत दोन्ही बेअरिंग बदलावी लागली. काकांनी माझी वाटी उचलली, आत पाहिली आणि म्हणाले, "यात माझा फोन नंबर लिहून ठेवायचास."

लिहिलाय. भिंतीवर, खडूने.