दोन ओले लार्सन आणि एक हाउगेन

नवऱ्याचे खापरपणजोबा नॉर्वेहून आयोवात शेती करायला आले, एवढंच घरात माहीत होतं. नाव ओले लार्सन. (फोनवर आईचा पहिला प्रश्न, “ओले म्हणजे भिजलेले का गं?”) गेल्या जूनमध्ये सासूबाईंना घेऊन मिनियापोलिसहून आयोवातल्या डेकोरा गावी गेलो. गाडीने तीनेक तास.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. गावाबाहेरच्या एका चर्चच्या दफनभूमीत ओले लार्सन सापडले. सासूबाईंचे डोळे भरून आले, फुलं वाहिली, फोटो काढले. रात्री मोटेलवर फोटो मोठा करून बघितला तर जन्मसाल अठरा वर्षं पुढचं! दुसऱ्याच कुणाचे तरी आजोबा.

लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा, आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसं. ओलेचा मुलगा ओल्सन. त्यापुढे शेतवाडीचं नाव यायचं, अगदी आपल्या ‘कर’सारखं; माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की तेही बदलायचं. नॉर्वेत कायमचं आडनाव कायद्याने सक्तीचं झालं ते 1923 मध्ये. सासूबाईंना हे तीनदा सांगितलं, पण पटलं ते माझ्या पासपोर्टवर माझ्या बाबांचं नाव बघितल्यावर.

तेव्हा नुसत्या लार्सनच्या मागे लागू नका, शेताचं नाव शोधा. आम्हाला ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मिळालं. तपकिरी पडलेली शाई, पाद्रीबुवांचं तिरकं मोडीसारखं वळण, आणि ‘लार्सेन’च्या डोक्यावर बारीक अक्षरांत कोंबलेलं ‘हाउगेन’. शेजारच्या रकान्यातली साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. बहुतेक वेळा ते नातेवाईक निघतात.

निघण्यापूर्वी घरूनच आयोवाची 1925 ची राज्य जनगणना बघा. तीत प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. देशाच्या 1890 च्या जनगणनेची वाट बघू नका, तिचे बहुतेक कागद 1921 च्या आगीत गेले. आणि ‘160 एकर फुकट मिळाले’ ही घरोघरची कथा इथे जपूनच घ्या. तशी फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा 1862 चा. या भागातली बरीच जमीन त्याआधीच सरकारकडून विकत घेतलेली होती. म्हणून कोर्टहाउसमध्ये खरेदीखतांची सूची मागा. विकणारे एका वहीत, घेणारे दुसरीत. खतात टाउनशिप आणि सेक्शनचे (जमीन मोजणीच्या मोठ्या-लहान चौकोनांचे) आकडे असतात, ते जुन्या नकाशावर लावले की शेत थेट सापडतं. कचेरी शनिवार-रविवारी बंद, त्यामुळे सोमवारी पोहोचा.

आमच्या शेतात आता मका आहे. जमीन खाजगी, आधी घराचं दार वाजवा. आम्हाला तर कॉफीही मिळाली. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड तपासा. कबरीवरची पुसट अक्षरं वाचायला खडू घासू नका. आरशाने तिरपा उजेड पाडला की झालं. जुलैच्या शेवटी डेकोरात नॉर्डिक फेस्ट हा उत्सव असतो, तेव्हा खोली मिळणं मुश्कील. वेस्टरहाइम संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस ठेवाच, स्थलांतरितांच्या रंगवलेल्या पेट्यांसाठी.

नॉर्वेच्या चर्चच्या जुन्या वह्या डिजिटालआर्किव्हेट या वेबसाइटवर फुकट बघता येतात, पण त्यासाठी परगणा (पॅरिश, म्हणजे चर्चचा इलाखा) माहीत हवा. पुढची फेरी त्यासाठीच, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्रात. हाउगेन नावाची शेतं नॉर्वेत ढीगभर आहेत. वडगावकर म्हटलं की ‘कुठलं वडगाव?’ विचारावंच लागतं ना, तसंच.