पाणी खालून येते

जुलै २०२२ मधल्या एका शनिवारी पहाटे पाच वाजता मी कुर्ल्याच्या नेहरूनगरातून खेडजवळच्या आमच्या गावी जायला निघाले, तेव्हा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधलेल्या बॅगेत दोन दिवसांचे कपडे होते आणि त्यांच्या मधोमध, एका साध्या पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये, आजोबांच्या हातचे वाटणीपत्र होते. ते १९६३ सालचे, निळ्या शाईत लिहिलेले चार पानांचे होते आणि वारसनोंदीच्या कामासाठी काकूला ते हवे होते. बॅगेवर ठळक अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले होते, तिच्याबरोबर पिवळे रेनकव्हरही मिळाले होते, आणि एवढ्यावर विसंबून मी त्या फाइलला प्लॅस्टिकची साधी पिशवीसुद्धा गुंडाळली नाही.

पेणपासून पाऊस लागला तो शेवटपर्यंत थांबला नाही. वडखळ ते माणगाव या पट्ट्यात रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरलेले असल्यामुळे कोणता खड्डा किती खोल आहे याचा अंदाज येत नव्हता. महाडला चहासाठी थांबले, तेव्हा दुकानदाराने २२ जुलै २०२१ च्या पुराचे पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढले होते ते हात उंचावून दाखवले. त्याचा हात पोचला त्याच्याही वर ती मातकट रेघ होती. कशेडी घाटाच्या वळणांवर गाडीचा मागचा भाग नेहमीपेक्षा जड वाटत होता, पण तो रस्त्याचा दोष असेल असे समजून मी थांबले नाही.

घरी पोचल्यावर पडवीत बॅग उतरवली आणि रेनकव्हरचे इलॅस्टिक सोडले, तर आतून घागरभर गढूळ पाणी जमिनीवर ओतले गेले. कव्हर फाटलेले नव्हते. वाऱ्याने फुगलेल्या कव्हराच्या खालच्या बाजूने चाकाचे पाणी आत शिरत राहिले होते आणि तळाला बाहेर पडायला भोक नसल्यामुळे माझी बॅग सुमारे सहा तास त्या पाण्यात बसून होती. कपडे भिजले त्याचे मला काही वाटले नाही. फाइलचा पुठ्ठा लगद्यासारखा झाला होता आणि पाने एकमेकांना चिकटली होती. काकूने मला हात लावू दिला नाही. तिने चुलीपासून हातभर अंतरावर सूप ठेवले, सुईच्या टोकाने एकेक पान सोडवले, प्रत्येक पानाखाली जुने धोतर घातले आणि रात्री दोनदा उठून पाने उलटली. सकाळी पहिली तीन पाने कशीबशी वाचता आली. चौथ्या पानावर, जिथे आजोबांची आणि दोन पंचांची सही होती, तिथे फक्त निळसर डाग उरला होता. काकू मला एका शब्दानेही बोलली नाही आणि तेच मला फार लागले.

नोंदीचे काम पुढे इतर कागदांवरून झाले. पण ती सही माझ्यामुळे गेली, म्हणून त्यानंतरचे काही महिने मी या एकाच विषयामागे लागले आणि जे समजले ते आधी समजायला हवे होते असे अजूनही वाटते. आपण पावसाचा विचार करताना वरून पडणारे पाणी डोळ्यांपुढे आणतो, कारण छत्री आणि घराचे छप्पर यांचीच आपल्याला सवय असते. धावत्या मोटारसायकलवर मात्र बॅगेला सर्वांत जोराचा मारा मागच्या चाकाकडून, म्हणजे खालून होतो, आणि त्या पाण्यात वाळू व चिखलही असतो. रेनकव्हर हे वरच्या पावसासाठी केलेले टोपडे आहे. त्याच्या आतली बॅग जर साध्या शिवणीची असेल, तर सुईच्या प्रत्येक भोकातून आणि चेनच्या दातांमधून पाणी झिरपते. चेनवर रबरासारखा लेप असला तरी ती थोडा वेळ पाणी अडवते एवढेच, पूर्णपणे रोखत नाही.

कापडाविषयीही माझा समज चुकीचा होता. दुकानांत ‘एक हजार डेनियर’ हे शब्द हमखास ऐकू येतात, पण डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून धाग्याचा जाडपणा कळतो, कापड पाणी रोखेल की नाही हे कळत नाही. पाणी रोखतो तो कापडावरचा थर. स्वस्त बॅगांच्या आतला पॉलियुरेथेनचा पातळ लेप मुंबईच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या माझ्या जुन्या बॅगेचे तसेच झाले होते. पीव्हीसीची ताडपत्री जड असते पण भरवशाची असते, आणि टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकचा थर दिलेले नायलॉन हलके असून दमटपणात जास्त टिकते, मात्र त्याला पैसे जास्त पडतात. यातही निर्णायक गोष्ट जोडाची आहे, कारण चांगल्या बॅगेचे तुकडे शिवलेले नसून उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडलेले असतात. जर्मनीच्या हार्टमुट ऑर्टलीब यांना सायकलवरून इंग्लंडमध्ये फिरताना सतत पावसाने गाठले, तिथल्या ट्रकवरच्या ताडपत्र्या पाहून त्यांना बॅगांची कल्पना सुचली आणि १९८२ साली त्यांनी आपली कंपनी काढली. मी कळंबोलीपाशी ताडपत्री बांधलेल्या ट्रकांच्या रांगेशेजारून कितीदा गेले आहे, पण माझ्या मनात हा विचार कधी आला नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी तीन रविवार घालवले. बहुतेक विक्रेते बॅगेवर बाटलीतले पाणी ओतून दाखवतात आणि ते थेंब घरंगळताना पाहून गिऱ्हाईक खूश होते. या प्रात्यक्षिकाचा मला आता मनापासून राग येतो. वस्तू धूळ आणि पाणी किती रोखते हे सांगणाऱ्या आयपी ६७ या खुणेनेही मी फसणार होते. त्यातल्या ७ चा अर्थ एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही आत पाणी जात नाही असा आहे, पण ती स्थिर पाण्याची कसोटी झाली. जोराच्या फवाऱ्यासाठी त्या ७ च्या जागी ६ हा वेगळा आकडा असतो; ६७ मधला पहिला ६ धुळीसाठीचा आहे. शेवटी मी एका दुकानदाराला परत करण्याच्या बोलीवर पूर्ण पैसे दिले, ४० लिटरची वरून गुंडाळून बंद होणारी बॅग घरी आणली, आत वर्तमानपत्र भरले आणि गच्चीवर नळी लावून खालून, बाजूने आणि जोडांवर अर्धा तास पाणी मारले. वर्तमानपत्र कोरडे निघाले.

अॅल्युमिनियमच्या पेट्या घ्याव्यात असे अनेकांनी सुचवले होते. त्या कुलूपबंद असतात हे मान्य आहे, पण सायनच्या कोंडीत दोन्ही बाजूंनी हातभर रुंद झालेली गाडी चालवणे मला नकोसे वाटते, चिखलात गाडी कलंडली तर पाय पेटीखाली सापडू शकतो, आणि आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या रोज कोण चढवणार? मऊ बॅग खांद्याला लावून मी एका फेरीत वर जाते. तिच्या मागण्याही आहेत. माझ्या क्लासिक ३५० चा सायलेन्सर उजवीकडे आहे, त्यामुळे त्या बाजूने काहीही लोंबता कामा नये, कारण हे कापड उष्णतेने जोडले जाते तसेच उष्णतेने वितळतेही. पट्ट्यांची सुटी टोके चाकात जाऊ नयेत म्हणून ती मी दोनदा खोचते. तोंड गुंडाळताना आतली हवा दाबून काढून निदान तीन घड्या घालाव्या लागतात, म्हणून बॅग सामानापेक्षा मोठी हवी. ठासून भरलेल्या बॅगेला एकच घडी पडते आणि मग सगळा खर्च वाया जातो. पाणी आत जाऊ न देणारी बॅग आतला ओलावाही बाहेर सोडत नाही, हे मी एकदा ओला टॉवेल आत ठेवून तीन दिवसांनी बुरशीच्या वासावरून शिकले. आता ओले कपडे बाहेरच्या जाळीत जातात आणि घरी आल्यावर बॅग उलटी करून दोरीवर टांगली जाते.

जुलै २०२४ मध्ये पुन्हा गावी गेले. अटल सेतू सुरू झाला होता, पण त्यावर दुचाकींना परवानगी नसल्यामुळे नेहमीच्याच वाशीच्या खाडीपुलावरून गेले आणि नागोठण्याच्या पुढे मागचीच कहाणी होती, इतकी की काही ठिकाणी पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नव्हते. या वेळी बॅगेत आजोबांच्या लालबागच्या खोलीतल्या ट्रंकेत सापडलेली पोस्टकार्डे होती. आजीने गावातल्या मास्तरांकडून लिहवून मुंबईला पाठवलेली ती कार्डे काकूला एकदा तरी वाचायची होती.

पडवीत बॅग ठेवली, बाहेरचा चिखल पुसला, बकल सोडून तीन घड्या उलगडल्या आणि मी बाजूला झाले. काकूने आत हात घातला, गठ्ठा बाहेर काढला आणि उन्हात घातलेल्या पापडाला लावावा तसा त्याला उलटा हात लावून पाहिला.

“कोरडी आहेत गं,” ती म्हणाली. मग चष्मा लावून ओटीवर उजेडाच्या बाजूला बसली आणि वरचेच कार्ड मोठ्याने वाचू लागली, “घर शाकारून झाले. ओटीवर आता गळत नाही, काळजी नसावी.”