तीन शून्यं

'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेत स्वतःचं पॅकेज (फंक्शनांचं गाठोडं) बांधायचं म्हणजे ते तपासणाऱ्या 'चेक'शी गाठ. त्याच्या बोलण्याच्या तीन तऱ्हा: एरर, वॉर्निंग आणि नोट. एरर मला आवडते. अमुक फंक्शन सापडत नाही, असं तोंडावर सांगते. नेमस्पेसच्या फाइलीत नाव घातलं की विषय मिटला. खरा ताप नोटचा. लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी, 'काही नाही रे, आपलं बोलले.' झालं, तुमची दुपार गेली. उदाहरण चालायला पाच सेकंदांहून जास्त का लागतात, डिस्क्रिप्शनमधलं हे आडनाव स्पेलिंगची चूक तर नाही ना... परवा तर म्हणे, आत्ता किती वाजलेत याची खात्री करता येत नाही. भिंतीवरचं घड्याळ दाखवावंसं वाटलं.

पॅकेज तसं चिमुकलं आहे. आजोबांच्या पावसाच्या वह्या, आणि त्यातली नक्षत्रवार बेरीज. महिनावार बेरीज आमच्या घरात कुणाला कळतच नाही. 'मृग कोरडा गेला' एवढं म्हटलं की पुरतं.

पर्जन्यमापक मळ्यात होता, ओढ्यापलीकडे. सकाळी साडेआठला आजोबा बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचे आणि माप सपाट दगडावर ठेवून स्वतः गुडघ्यावर बसायचे. मी माप उचलून डोळ्यापुढे धरलं की ओरडा: 'डोळा खाली आण, पाणी वर नको!' हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो, त्यामुळे काल दुपारी झोडपलेला पाऊस आजच्या तारखेला पडतो. नक्षत्र बदलायच्या दिवशी हे सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले.

नक्षत्रांची नावं अर्थातच देवनागरीत लिहिली. लगेच वॉर्निंग: कोडमध्ये आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी संचाबाहेरची, अक्षरं नकोत, फार तर कॉमेंटमध्ये. म्हणजे मराठीत पुटपुटायला हरकत नाही, बोलायचं तेवढं नाही! मग 'मघा' लिहायची तर अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक: म-साठी ०९२ई, घ-साठी ०९१८, कान्यासाठी ०९३ई. 'स्ट्रिंगी' पॅकेज हे एका ओळीत करून देतं. मी हातानेच केलं. का, ते विचारू नका. आश्लेषाला फार वेळ लागला.

शेवटी ती तीन शून्यं आली: शून्य एरर, शून्य वॉर्निंग, शून्य नोट. आणि आश्लेषाची बेरीज आली 'एनए', म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'.

आजोबांच्या वहीत काही तारखांपुढे शून्य आहे, काहींपुढे नुसती आडवी रेघ. शून्य म्हणजे पाऊस नाही. रेघ म्हणजे माप घेतलंच नाही. रेघेच्या जागी मी एनए भरलं होतं, आणि 'आर'च्या हिशेबात एक एनए शिरला की अख्खी बेरीज एनए. एनए वगळ म्हणून सांगायची सोय आहे, त्यापुढे फक्त 'ट्रू' लिहायचं. आकडा येतो, आणि तेव्हाही चेक हूं की चूं करत नाही. तीच तीन शून्यं.

पण रेघा वहीत कुठे आहेत? ओढ्याला पाणी चढलं की आजोबांना पलीकडे जाताच यायचं नाही. म्हणजे सगळ्यात जास्त कोसळला ते दिवसच कोरे. ते वगळले की धो धो पावसाचं नक्षत्र बेरजेत शहाण्यासारखं दिसतं.

चुलतभाऊ विचारत असतो, 'दादा, एनए काय? आकडा सांग ना.' मी एनएच ठेवलंय. ज्याला आकडा हवा, त्याने आपल्या हाताने 'ट्रू' लिहावं.