नावात घोडा, नात्यात देवमासा

राणीच्या बागेत पाणघोड्यासमोर भाच्यानं विचारलं, "मावशी, हा घोड्याचा कोण?" म्हटलं, कोणी नाही. याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग म्हणजे देवमासा. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

आपल्याकडे बारशातच दोघांची गफलत झालीय. हा घोडा नाही, तो मासा नाही. आणि नेमके हेच दोघे चुलत भाऊ निघाले!

पुरावा हवा म्हणून रविवारी खाटकाकडून बोकडाच्या मागच्या पायातलं घोट्याचं हाड मागून आणलं. उकडून, घासून ठेवलं. खारकेएवढं हाड, वर-खाली दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच. अशी दुहेरी कप्पी म्हणजे समखुरी (पायाला सम संख्येनं खूर असलेल्या) प्राण्यांची खूण: बकरी, गाय, डुक्कर, उंट, पाणघोडा. घोड्याच्या हाडाला कप्पी एकाच टोकाला.

पण देवमाशाला मागचे पायच नाहीत, तर घोटा कुठून आणायचा? तिथंच घोडं अडलं होतं. दातांवरून जुने अभ्यासक त्याला मेसोनिकिड नावाच्या नामशेष प्राण्यांच्या घरचा समजत. 1999 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की डीएनएतले काही उडते तुकडे (जागा बदलून भलतीकडे जाऊन बसणारे) देवमासा आणि पाणघोडा या दोघांत अगदी एकाच जागी येऊन बसलेत, म्हणजे दोघांचा पूर्वज एकच. हाडंवाल्यांना ते पचत नव्हतं. मग 2001 मध्ये बलुचिस्तानातल्या पुरातन देवमाशांचे घोटे जगासमोर आले. सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीचे, पाय असलेले देवमासे! घोट्यात दुहेरी कप्पी.

आपल्याकडची गोष्ट तर त्याहून भारी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळ जीवाश्म दडलेले दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात ते देवमाशांच्या जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्याकडे गेले. साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि आत दिसलं कानाचं हाड, आतली भिंत देवमाशासारखी जाड. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, समखुरी: इंडोह्यस. 2007 मध्ये ते जाहीर झालं. (माझ्या हातून फुटतात त्या बरण्या. आत लोणचंच असतं.)

भाच्यानं कप्पीवर बोट फिरवून पाहिलं. आता त्याला ताडून बघायला घोड्याचं हाड हवंय. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर विचारू या म्हणतो.