केपटाउन सायकल टूर: सेकरबॉसीचं सोडा, स्मिट्सविंकलचं बोला

केपटाउनच्या सायकल टूरला, म्हणजे तिथल्या एका दिवसाच्या सायकल शर्यतीला, जायचंय असं कुठल्याही ग्रुपवर सांगून बघा. जो तो सेकरबॉसीची भीती घालतो. शेवटचा चढ, पाय संपलेले, डोक्यावर ऊन, माणसं सायकल हातात धरून चालताहेत वगैरे. माझे निघायच्या आधीचे सगळे रविवार या एका चढाच्या नावाने गेले. आता जाऊन आलोय म्हणून स्पष्ट सांगतो, ही भीती फुकटची आहे. हाउट बेतून लांडडनोकडे चढणारा तो रस्ता जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. पुण्याजवळचा बोपदेव घाट ज्याने नेमाने केलाय त्याने खालचा गिअर टाकावा, मान खाली घालावी आणि वर जावं. खरा जीव काढला तो त्याच्या बराच आधी, सायमन्स टाउन सोडल्यावरच्या स्मिट्सविंकलच्या पट्ट्याने. आणि त्याबद्दल मला एकानेही चकार शब्द सांगितला नव्हता. म्हणून हे लिहितोय. टेबल माउंटन आणि पेंग्विनचे फोटो बाकीच्यांनी भरपूर टाकलेत, तिकडे बघा.

मार्ग थोडक्यात असा. केपटाउन शहरातून सुटायचं, डेव्हिल्स पीकच्या कडेने एडिनबर्ग ड्राइव्ह चढून दक्षिणेकडे उतरायचं आणि म्यूझनबर्गला समुद्र गाठायचा. मग फॉल्स बे डाव्या हाताला ठेवून काल्क बे, फिश हूक, सायमन्स टाउन. पुढे स्मिट्सविंकल, तिथून केप पॉइंटच्या फाटकावरून वळून पश्चिम किनाऱ्याला स्कारबरो, मिस्टी क्लिफ्स, कॉमिकी, नूर्डहूक, चॅपमन्स पीक, हाउट बे, सेकरबॉसी, कॅम्प्स बे आणि ग्रीन पॉइंटला शेवट. १०९ किलोमीटर, रस्ता पूर्ण बंद, एकही गाडी नाही. १९७८ पासून चालू आहे. तिथले जुने लोक अजून तिला 'आर्गस'च म्हणतात, पूर्वी 'केप आर्गस' हे वर्तमानपत्र तिचं प्रायोजक होतं. तीसेक हजार माणसं उतरतात, त्यात शर्यतवाले, टँडेमवाले (एका सायकलवर दोघं), माउंटन बाइकवाले आणि परीचे पंख लावून आलेले आजोबा, सगळे.

आता वारा. तिथे उन्हाळाभर आग्नेयेकडून वारा वाहतो, साउथ-ईस्टर. टूर असते मार्चमध्ये, म्हणजे तिकडचा उन्हाळा संपत आलेला, पण हा वारा संपत आलेला नसतो. 'केप डॉक्टर' असं लाडाचं नावही आहे, शहरावरची घाण हवा झाडून नेतो म्हणून. डोंगराच्या कडेकपाऱ्यांतून तो घुसतो तेव्हा त्याचा वेग आणखी वाढतो, आणि दिवस चढेल तसा तोही चढतो. २०१७ च्या १२ मार्चला तर शर्यत सुरू होऊन थांबवावी लागली. ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत होते, फोरशोअर भागात माणसं दोन्ही हातांनी सायकल धरून उभी होती आणि तरी सायकली हवेत आडव्या होत होत्या. ते व्हिडिओ मीही पाहिले होते. पुण्यातल्या एका अनुभवी माणसाने सांगितलं, "तो अपवाद होता रे, एरवी झुळूक असते." झुळूक! यंदा वाऱ्यासाठी काही रद्द झालं नाही, शर्यत नेहमीसारखी झाली, आणि तिथल्यांच्या मते दिवस 'बरा' होता. त्या बऱ्या दिवसाबद्दल पुढे लिहितोय.

सायमन्स टाउनचं नौदलाचं बंदर मागे पडलं की घरं संपतात. उजवीकडे उघडा डोंगर, डावीकडे खाली समुद्र, मध्ये अरुंद रस्ता. मिलर्स पॉइंटपासून तो हळूहळू वर चढायला लागतो तो थेट स्मिट्सविंकलच्या वरपर्यंत. नकाशावर चढाचा आकडा बघितलात तर हसाल. पण रस्ता दक्षिणेकडे जातो आणि वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे तो समोरून आणि डावीकडून एकदम लागतो. शिवाय उजव्या हाताच्या कड्यावर आपटून परत फिरतो, त्यामुळे धक्के एका दिशेचे राहतच नाहीत. म्यूझनबर्गपर्यंत माझी ताशी बत्तीस-तेहतीस किलोमीटरची चाल चालली होती. इथे मीटरवर चौदा दिसायला लागले, तेही पाय पूर्ण लावून. एका वळणावर पुढचं चाक कोणी हाताने धरून ओढल्यासारखं फुटभर बाजूला गेलं. माझ्यापुढची बाई सरळ रस्त्याच्या कडेला उतरली आणि सायकलवर हात ठेवून शांतपणे केळं खात बसली. त्या पट्ट्यातला तोच सगळ्यात शहाणा निर्णय होता.

इथे शक्ती कामाची नाही, जागा कामाची आहे. रस्ता अख्खा आपला असतो, म्हणून पुढच्याच्या बरोब्बर मागे न राहता थोडं उजवीकडे, तिरकं राहायचं. आडोसा तिथेच मिळतो. तिथले लोक हे न बोलता करतात, तिरक्या रांगा आपोआप लागतात. आपले लोक एकटे पुढे निघतात, कारण 'हा गट फार हळू चाललाय'. हळू चाललेल्या गटातच राहा. हँडल खालून धरा, मूठ सैल, आणि त्या पट्ट्यात एका हाताने बाटली काढायची नाही. पाणी सायमन्स टाउनलाच पिऊन घ्या.

स्मिट्सविंकलच्या वर रस्ता वळला की तोच वारा पाठीवर येतो. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर फुकटात मिळतात. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मजा आली.

सुटायचा गट कुठला मिळतो यावर निम्मा दिवस ठरतो, हे कोणी सांगत नाही. पहिले गट सकाळी सहानंतर सुटतात आणि पुढचे थोड्या थोड्या अंतराने सुटत राहतात. गट मिळतो तो सीडिंगवर, म्हणजे तिथे धरल्या जाणाऱ्या आधीच्या शर्यतींमधल्या वेळेवर. आपल्या बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइड्सच्या) पदकांकडे कोणी ढुंकून बघत नाही. ते बरोबरही आहे, त्या शर्यती नव्हेतच. पण परिणाम असा, की पहिल्यांदा जाणारा माणूस मागच्या गटात पडतो, मागचा गट उशिरा सुटतो आणि वारा तापल्यावर स्मिट्सविंकलला पोचतो. वर त्या गटात धड मागे लागावं असं चाक सापडत नाही. फॉर्म भरताना सीडिंगसाठी कुठले निकाल चालतात ते विचारा, आणि विचारताना लाजू नका. घड्याळात फक्त तुमचा वेळ मोजला जातो, पण वारा सुटण्याच्या वेळेप्रमाणे वेगवेगळा लागतो.

आता रिम. "सपाट रूट आहे, डीप रिम घेऊन जा, वेळ कमी लागेल," हा मला मिळालेला दुसरा सल्ला. डीप रिम म्हणजे उंच कडेची चाकं. ५० मिलिमीटरच्या कार्बन रिम घेऊन गेलो. शर्यतीच्या आधी सी पॉइंटला सकाळच्या राइडनंतर कॉफीला जमलेल्या लोकांत बसलो होतो. तिथे दुसरा विषयच नसतो: टायर २८ की ३०, हवा किती, ट्यूबलेस रस्त्याच्या सायकलला हवं की नको, साखळीला मेण की तेल, आणि कुणाच्या बायकोला नव्या चाकांची खरी किंमत सांगितली गेलीय. एका गृहस्थांनी माझ्या पुढच्या चाकाकडे बघून नुसती मान हलवली. त्यांचे आजोबा कोकणातून, श्रीवर्धनकडून गेलेले. केपटाउनमध्ये शंभर वर्षांपूर्वीपासून रत्नागिरी-कुलाब्याकडची कोकणी मुसलमान कुटुंबं आहेत, रायलंड्स भागात बरीच. 'चाचा' म्हटलं तर खूश झाले. म्हणाले, मागे काहीही लाव, पुढे ३० मिलिमीटरच्या वर रिम नको. मागच्या चाकावर वजन असतं, पुढचं वाऱ्यात हातातून जातं.

मग मी पुढचं चाक भाड्याने शोधायला निघालो. शर्यतीच्या आठवड्यात शहरातल्या एका दुकानाने एका दिवसाच्या साध्या अॅल्युमिनियमच्या पुढच्या चाकाचे सांगितले दीड हजार रँड, आणि अनामत वेगळी. म्हणजे जवळपास सात हजार रुपये. तेवढ्यात आपल्याकडे तसं चाक विकत येतं. शिवाय सायकल खोक्यातून काढून जोडून द्यायचे वेगळे, आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर बसतो ती पट्टी) सरळ करायचे आणखी वेगळे. मी नमस्कार केला आणि बाहेर पडलो. तुम्ही घरूनच उथळ रिमचं पुढचं चाक न्या, सायकल स्वतः जोडायला शिका आणि एक जादा हँगर खिशात ठेवा. तिथे त्या आठवड्यात कुठलीही गोष्ट विकत घेणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी झेंडू घेणं.

दोन गोष्टी मात्र तिथेच घ्या. एक, टायरमध्ये झटकन हवा भरायची सीओटूची नळकांडी, ज्यांना तिथले लोक 'बाँब' म्हणतात. विमानात ती न्यायची भानगड नको, आणि तिकडे कुठल्याही सायकल दुकानात मिळतात. दुसरं, साखळीला लावायचं स्क्विर्ट हे मेणाचं वंगण. ते मुळात दक्षिण आफ्रिकेचंच. किनाऱ्याची बारीक वाळू उडून साखळीवर बसते, तेलाला चिकटते, मेणाला तितकी नाही. मिस्टी क्लिफ्सनंतर तेल लावलेल्यांच्या साखळ्या ऐकण्यासारख्या होत्या.

ट्यूबलेसचं इतकं प्रेम त्यांना का, हे कळायला शहराबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर एक चक्कर पुरते. तिथे जमिनीवर पसरणारा सराटा आहे, आपल्या माळरानावरचाच. ते त्याला डुव्हेल्की म्हणतात. काटा तोच आणि त्रासही तोच. ग्रॅव्हलला जाणार असाल तर सीलंट (टायरमधलं पंक्चर बुजवणारं द्रव) ताजं भरा, जुनं सुकलेलं असतं. नुसत्या टूरसाठी साध्या ट्यूबवर भागतं. दोन जादा ठेवा आणि विसरून जा.

चॅपमन्स पीक. १९२२ मध्ये पुरा झालेला, कड्यात कोरलेला नऊ किलोमीटरचा रस्ता, ११४ वळणं. दरडींमुळे २००० पासून जवळजवळ चार वर्षं बंद होता, आता टोलचा आहे, सायकलला टोल नाही. सुंदर आहे, सगळे सांगतात ते खरं आहे. चढ सोपा आहे. उतारावर मात्र वळण संपताच झोत येतो, आणि तीस हजारांतले बरेच जण तिथे फोटोसाठी मध्येच थांबतात. उजवीकडून 'येतोय' असं ओरडत राहा. एरवी सरावासाठी तिथे एकटे पहाटे जाऊ नका. लूट होते, आणि तिथले लोकही गटानेच जातात.

स्मिट्सविंकल ते स्कारबरो भागात बबून माकडं असतात. शर्यतीच्या दिवशी गर्दीमुळे ते लांब राहतात, पण सरावाच्या दिवशी मागच्या खिशातला एनर्जी बार बाहेर डोकावता कामा नये. थांबून वेष्टण फाडायचं तर आधी आजूबाजूला बघा.

बाकी किरकोळ. गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे सराव लगेच जमतो. हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. भिंतीतले सॉकेट आपल्या गिझरच्या मोठ्या तीन पिनांच्या प्लगसारखे आहेत. तसा एक प्लग जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड न्या, सायकल कॉम्प्युटर आणि गिअरची बॅटरी दोन्ही निवांत चार्ज होतील. गिअरची बॅटरी विमानात हातातल्या सामानात. अदिस अबाबामार्गे स्वस्तात जाणार असाल आणि तिथला थांबा बारा तासांच्या वर असेल, तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस किमान दहा दिवस आधी झालेली हवी. व्हिसाचे कागद लवकर द्या, आणि नंबर व वेळ मोजायची चिप घ्यायला आदल्या दिवसांतच जा. खाण्याची चिंता नको. शर्यतीनंतर गॅट्सबी म्हणजे हातभर लांब पावात बटाट्याच्या चिप्स आणि मसाल्याचं मांस (बहुधा गोमांस), दोघांत एक पुरतो. शाकाहारींना नुसत्या चिप्सचा मिळतो आणि तोही वाईट नाही.

परतीचं विमान शर्यतीच्या दिवशी ठेवू नका, अर्धं शहर बंद असतं. सोमवारचं घ्या. आणि सायकलच्या खोक्याचे पैसे जातानाचे-येतानाचे दोन्ही तिकिटाबरोबरच भरा, पावती कागदावर छापून घ्या. मी जाताना भरलेल्या रकमेच्या दुप्पट परतताना काउंटरवर मागितली गेली, आणि फोनवरचा स्क्रीनशॉट त्यांनी चालवून घेतला नाही. खोकं वजनात बसत असलं तरी लांबीवर अडवतात, तेव्हा मोजायची टेप घरीच लावून बघा आणि तिन्ही मापं खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.